दुखत नाही ना? मग झालं!

अंबाडी नाक्यावर आजाराची प्रत एकाच मापाने ठरते, दुखतं का? मुतखडा झालेल्या माणसाला टपरीवरच्या बाकड्यावर सरकून जागा मिळते. माझ्या हिरड्यांतून रक्त येतं म्हटल्यावर मात्र कोणी जागचं हललं नाही. ‘दुखत नाही ना? मग झालं!’ म्हणून मंडळी पुन्हा वाडा रस्त्यावरच्या खड्ड्यांकडे वळली. आमच्याकडे दात हलायला लागला तरी त्याचा दोष त्या खड्ड्यांच्याच खाती जमा होतो.

सल्ले मात्र चहाच्या आधी आले. मामांचं म्हणणं, ब्रश बंद कर, जखमेवर कोणी खराटा मारतं का? एकाने खडेमीठ सांगितलं. बापूंनी विडीचा झुरका घेत छाती पुढे काढली, ‘चाळीस वर्षं ओढतोय, हिरडीतून एक थेंब नाही!’ आणि वर अकलोलीच्या गरम कुंडात चुळा भरायचा उतारा दिला. कुंडावर माझी श्रद्धा आहे. पण तिथे लोक पाय सोडून बसलेले असतात, हेही पाहिलेलं आहे. शेजारच्या मावशींनी न बोलता मशेरीची डबी पुढे केली.

शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टर पोरसवदा मुलगी. ‘काका, आ करा,’ म्हणत तिने खुणा केलेली बारीक सळी दात आणि हिरडीच्या फटीत घातली आणि तलाठ्याने गट नंबर वाचावेत तसे मिलिमीटर वाचायला सुरुवात केली. दोन, तीन, दोन, तीन. तीनपर्यंत ठीक, चारपासून चिंता, हे तिने आधीच सांगून ठेवल्यामुळे प्रत्येक आकड्याला मी खुर्चीचे हात घट्ट धरत होतो. निभावलं. मग तिने आरसा दाखवला. खालच्या पुढच्या दातांमागे, जिभेच्या अंगाला, पिवळट किटणाचा बांध आणि त्याच्या कडेची हिरडी लालबुंद, फुगलेली. लाळेच्या ग्रंथी तिथेच उघडतात. दातांवरचा मऊ थर रोजच्या रोज घासून निघतो, पण राहिला की लाळेतल्या कॅल्शियमने दगड होतो आणि मग ब्रशला दाद देत नाही.

‘ब्रश बंद करू का?’ मी मामांची शिफारस पुढे ठेवली. तिने १९६५ सालची गोष्ट सांगितली. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावल्यावर आठवडाभरात ताळ्यावर आल्या. हा प्रयोग आमच्या नाक्यावर कितीतरी मोठ्या प्रमाणावर चालू आहे, फक्त त्याचा उत्तरार्ध अजून कोणी हाती घेतलेला नाही.

बापूंच्या न येणाऱ्या थेंबाचाही उलगडा झाला. विडी-सिगारेटने हिरडीचं रक्त येणं दबतं, रोग आतल्या आत हाडापर्यंत जातो आणि गेलेलं हाड आपसूक परत येत नाही. माझी पायरी त्याच्या आधीची, म्हणजे पूर्ण बरी होणारी.

यंत्राने किटण निघालं. पाण्याचा फवारा, कानात शीळ आणि जिभेवर खडी. नंतर दातांमधल्या फटी जिभेला परक्या वाटू लागल्या. दात खिळखिळे झाले, असं मामा म्हणतात ते हेच. प्रत्यक्षात फटीत बसलेला मुरूम तेवढा निघालेला असतो. मग आज्ञा सुटली. मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला तिरका धरून, हलक्या हाताने, दोन वेळा, दोन-दोन मिनिटं आणि जिथे रक्त येतं तिथे तर न चुकता. दोन मिनिटं किती लांब असतात, ते तोंडात फेस धरल्यावर कळतं. ‘अहो, कुणाच्या लग्नाला निघालात?’ असं मोरीबाहेरून ऐकूही येतं.

नाक्यावर निकाल लागला तो असा, ना इंजेक्शन, ना गोळी, पैसे घेऊन दात घासायला शिकवलं, म्हणजे डॉक्टर कच्ची. बाजू घेतली ती फक्त मावशींनी.

‘मऊ ब्रश म्हणाली ना ती? बरोबर बोलली पोर,’ असं म्हणून त्यांनी मशेरीने काळं झालेलं बोट माझ्यासमोर धरलं. ‘याच्याहून मऊ काय असतंय, भाऊ?’