दोन लिटरमध्ये काय काय बसतं?

"दोन लिटर म्हणजे बाटल्या किती गं?" कुंपणावरच्या गोकर्णीची फुलं खुडत काकूंनी विचारलं.

"तेच तर कळत नाहीये. परदेशातून येताना माणशी दोन लिटर आणता येते म्हणे, कर न भरता. चिरंजीव शुक्रवारी फ्रँकफर्टहून येतोय आणि शनिवारी होणारे व्याही जेवायला. मुलीच्या वडिलांना वाइनचा शौक आहे. 'आई, कुठली आणू?' म्हणून याचे रोज मेसेज. मला त्यातलं काय कळतंय!"

काकूंना कळतं. दिंडोरीच्या रस्त्याला त्यांची द्राक्षबाग आहे, त्यातला चेनिनचा प्लॉट वायनरीशी करारावर दिलेला. लेक जर्मनीत. तिच्या बाळंतपणाला जाऊन राहिल्यापासून तर काकूंच्या ज्ञानाला नुसता बहर आलाय.

"साडेसातशे मिलीची एक, अशा दोन. दीड लिटर झालं. वर अर्धा उरला, तो वाया घालवायचा नाही. आता सांग, बेत काय?"

"सुरुवातीला कोथिंबीर वडी. मग काळ्या मसाल्याचं मटण. मुलीची आई शाकाहारी, त्यांना भरली वांगी. गोडाला केशराचं श्रीखंड."

"झालं की मग! आधी पान ठरवायचं, मग बाटली. लोक नेमकं उलटं करतात."

"बोर्दो सांग त्याला!" व्हरांड्यातून काकांचा आवाज आला. "फ्रेंच, लाल आणि चांगली जुनी. व्याह्यांपुढे मान राहिला पाहिजे."

"तुम्ही पेपर वाचा हो." काकू माझ्याकडे वळल्या. "बोर्दोची लाल म्हणजे बहुतेक वेळा काबर्ने आणि मर्लो. साली-बियांमधून उतरलेला तुरटपणा असतो तिच्यात, कोऱ्या चहासारखा. साध्या भाजलेल्या मटणाबरोबर झकास. पण आपला काळा मसाला आला की तुरट जास्तच तुरट लागतं, आणि तेरा-चौदा टक्के अल्कोहोल तिखटाला आणखी पेटवतं. व्याही पाणी मागत बसतील."

"नाव तर होईल!" काका हटेनात.

"नावाचं म्हणता? 24 मे 1976. पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर म्हणून एक इंग्रज वाइनविक्रेता होता, त्यानं चाचणी ठेवली. चव बघणारे फ्रेंच, पण कुठली बाटली कुणाची ते झाकलेलं. पांढऱ्यांत पहिली आली कॅलिफोर्नियाची शातो मॉन्टेलीना. लालमध्येही कॅलिफोर्नियाचीच, स्टॅग्ज लीप. बोर्दोची बडी घराणी मागे राहिली. आणि सगळ्याच वाइन जुन्या होऊन सुधारत नाहीत. पोर्तुगालची व्हिन्यो व्हेर्द घ्या, हलकी, जिभेवर किंचित चुरचुरणारी. ती वर्षा-दोन वर्षांत पिऊन टाकायची."

पेपर पुन्हा वर गेला.

"मग न्यूझीलंडची आणू दे का?" मी विचारलं. "ऑफिसात एकजण सारखा मार्लबरो मार्लबरो करत असतो."

"मार्लबरोची सोव्हिन्यों ब्लां छानच. आंबटसर, करकरीत, पॅशन फ्रूटच्या वासाची. कोथिंबीर वडीबरोबर बहार आणेल. पण तीच जात आपल्या नाशिकलाही चांगली होते, मग सामानात वजन कशाला? फेसाळ वाइनचंही तेच. शांदोंवाले फ्रान्सहून दिंडोरीला येऊन करतात. चेनिन म्हणशील तर मूळची फ्रान्समधल्या ल्वारच्या खोऱ्यातली, जगात सगळ्यात जास्त लागवड दक्षिण आफ्रिकेत, आणि थोडी माझ्याकडे! एप्रिलला खरड छाटणी, पाऊस सरताना गोडी छाटणी, जानेवारी-फेब्रुवारीत शुगर भरली की वायनरीची गाडी दारात. तेव्हा वडीबरोबरची फेसाळ इथूनच घे, चांगली गार कर. दोन लिटरमध्ये फक्त इथे होत नाही ते आणायचं."

"अर्जेंटिनाची मालबेक?"

"तीही मूळची फ्रेंचच. 1853च्या सुमारास तिकडे गेली आणि अँडीजच्या पायथ्याशी, मेंदोसाला अशी रुजली की आता तिथलीच झाली. जांभळासारखा रंग, भरदार चव. तुझ्याकडे सीख कबाब असते तर हीच सांगितली असती. काळ्या मसाल्याला नको."

"आणि पोर्ट?" काका पुन्हा. "गोव्याला आपण प्यायलो होतो ती. काय गोड होती!"

"ती गोव्याची, अहो. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली. रस आंबत असताना मध्येच ब्रँडीसारखं कडक मद्य घालून आंबणं थांबवतात, म्हणून साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल जातं एकोणीस-वीस टक्क्यांवर. जेवण झाल्यावर चॉकलेटबरोबर एवढीशी घ्यायची. तुम्ही ग्लास भरून घेतली होती."

मी हसू दाबलं. "मग काकू, मटणाला काय?"

"लिहून घे. मोझेलची रिस्लिंग. मोझेल नदीच्या काठाला पाटीच्या दगडाचे उभे उतार आहेत. ब्रेम गावचा काल्मोंट तर 65 अंशांपर्यंत चढतो. मी खालून नुसता बघितला तरी गरगरलं, आणि तिथे माणसं हातानं द्राक्षं काढतात. बाटलीवर 'काबिनेट' लिहिलेली घ्यायला सांग. 'ट्रोकन' लिहिलेली नको, ती कोरडी. साध्या काबिनेटमध्ये अल्कोहोल बहुतेक आठ-नऊ टक्केच, थोडी साखर आणि भरपूर आंबटपणा. साखरेनं तिखट निवतं, आंबटानं तेलाचा तवंग कापला जातो."

"मटणाबरोबर पांढरी? व्याही काय म्हणतील!"

"पहिला घास खाऊन मग म्हणू दे त्यांना."

"आणि वांग्यांना?"

काकू कुंपणाच्या आणखी जवळ सरकल्या. "लेकीच्या शेजारी जॉर्जियाचं कुटुंब आहे. त्यांच्याकडे वांग्याच्या तळलेल्या कापांना अक्रोड-लसणाचं वाटण लावतात, बद्रिजानी म्हणतात. आपण दाण्याचं कूट भरतो, ते अक्रोड. मी म्हटलं, ही तर आपलीच भावकी! बरोबर त्यांनी घरची वाइन दिली, मधाच्या रंगाची. रकात्सितेली नावाची पांढरी द्राक्षं सालीसकट मातीच्या मोठ्या रांजणात घालतात आणि रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. क्वेव्री म्हणतात त्याला. 2013मध्ये युनेस्कोनं ती रीत वारशाच्या यादीत घेतली. आठ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत वाइनच्या खुणा सापडल्यात तिकडे. सालीमुळे थोडा तुरटपणा येतो, सुकलेल्या जर्दाळूसारखा वास येतो. वांगं, दाणे, तीळ, खोबरं यांच्याशी फार जुळतं. फक्त तिखट बेताचं ठेव, आणि वाढण्याआधी वीस मिनिटं बाटली फ्रिजबाहेर काढ. फार गार असली तर तुरटपणाच पुढे येतो."

"म्हणजे दोन झाल्या. उरलेला अर्धा लिटर?"

"श्रीखंडाचा. गोडाबरोबरची वाइन गोडापेक्षा गोड हवी, नाहीतर ती बिचारी आंबट लागते. म्हणून हंगेरीची तोकाय असू. बोद्रोग आणि तिसा नद्यांचं धुकं बागांवर येतं, मण्यांवर बुरशी धरते आणि मणी मनुक्यासारखे सुकतात. मग एकेक मणी वेचून काढतात. आम्ही भुरी-डावणी दिसली की रात्री-अपरात्री पंप पाठीला लावून धावतो आणि ते लोक बुरशीची वाट बघत बसतात! लिटरमागे निदान 120 ग्रॅम साखर असते, पण आंबटपणाही तसाच कडक, म्हणून मिट्ट होत नाही. छोट्या पेल्यात, श्रीखंडाच्या वाटीशेजारी. आणि तिची बाटलीच मुळी अर्ध्या लिटरची असते."

मी बोटांवर हिशेब केला. साडेसातशे, साडेसातशे आणि पाचशे. बरोबर दोन लिटर, एक थेंब इकडे नाही की तिकडे.

"तिन्ही मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून ठेव म्हणावं," काकू म्हणाल्या. "हातातल्या बॅगेत ठेवल्या तर तपासणीलाच काढून घेऊ शकतात."

"आणि शेजाऱ्यांना काय?" काकांनी पेपर घडी करून ठेवला होता.

"अहो, दोनच लिटर आणता येतात. ऐकलंत ना?"

"ऐकलं. म्हणूनच सांगतोय, त्या पोराचं लग्न लवकर उरका. माणशी दोन, जोडप्याचे चार."