रिव्हिजनचं अंदाजपत्रक

सीए फायनलला बसणाऱ्या पोराची आर्टिकलशिप संपते, त्या रात्री तो पुस्तक उघडत नाही, एक्सेल उघडतो. पूर्वीच्या मुलांना स्टडी लीव्हसाठी सरांच्या केबिनबाहेर ताटकळावं लागे. नव्या योजनेत दोन वर्षांच्या आर्टिकलशिपनंतर सहा महिने निव्वळ अभ्यासाला मिळतात. एवढा निधी हाती आल्यावर अंदाजपत्रक नको? पहाटे तीनपर्यंत जागून तो जी शीट रंगवतो, तितकं देखणं काम एकाही क्लायंटच्या वाट्याला आलेलं नसतं.

सहा पेपर, सहा रंग. दिवसाला चौदा तास, कारण बारा तर सगळेच लिहितात. जेवण वीस मिनिटं, अंघोळ सात. आई चष्मा लावून शीट न्याहाळते.

"यात झोपणार कधी रे?"

"अगं, झोप बफरमध्ये आहे."

सहावा पेपर पुस्तकं समोर ठेवून लिहायचा असतो, म्हणून त्याच्यापुढे शून्य तास. बाकीच्या पाचही विषयांचा त्यात काला असतो, याची नोंद कुठेच नसते.

शीटच्या तळाशी, लाल चौकटीत, तो सुप्रसिद्ध 'दीड दिवस'. पेपर बहुधा एक दिवसाआड, दुपारी दोनला सुरू. एक संपल्यापासून पुढचा हातात पडेपर्यंत दीडच दिवस मिळतो आणि त्यात अख्खा विषय पुन्हा नजरेखालून घालायचा. आपल्याकडे गणपतीही दीड दिवसाचे असतात, पण त्यांच्याकडून कुणी डायरेक्ट टॅक्सची अपेक्षा ठेवत नाही.

पहिले दोन दिवस सगळं शीटबरहुकूम. तिसऱ्या दिवशी मावसभावाचा साखरपुडा निघतो आणि ट्रान्सफर प्रायसिंग राहून जातं. इथे मात्र त्याचं ज्ञान उपयोगी पडतं. धंद्यातला तोटा आठच वर्षं पुढे ओढता येतो, अनअब्सॉर्ब्ड डेप्रिसिएशनला मुदत नाही, हे त्याला तोंडपाठ. आपली थकबाकी तो बिनदिक्कत दुसऱ्या सदरात टाकतो.

कॉस्टिंगमध्ये एबीसी ॲनालिसिस शिकवतात: गोदामातल्या महागड्या मालावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा, खिळे-मोळे सोडून द्या. तो ती धड्यांना लावतो. 'ए' म्हणजे येणारच, 'सी' म्हणजे सोडलं. महिन्याभरात बरेचसे 'ए' पेपर काढणाऱ्याला न विचारताच 'सी' होतात. रविवारी अभ्यासिकेत प्लॅन आणि ॲक्चुअलमधला व्हेरियन्स निघतो. तो फार भरला, की ॲक्चुअल वाढवण्याच्या फंदात न पडता तो प्लॅन खाली आणतो.

यात त्याचा एकट्याचा दोष आहे असं मला वाटत नाही. टॅक्स ऑडिटची तारीख ३० सप्टेंबर, आणि ती वाढेल या आशेवर अख्खं ऑफिस जगताना त्यानं पाहिलंय. अशा संस्कारांत वाढलेल्या पोरानं परीक्षेची तारीख तरी अंतिम का मानावी?

प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपला सरासरी ५० टक्के, एवढंच तर हवं असतं. परीक्षेला पंधरा दिवस उरतात, तेव्हा तो शांतपणे जाहीर करतो, "एकच ग्रुप देतोय." दुसऱ्या ग्रुपचे तास पुढच्या अटेम्प्टच्या खात्यात प्रीपेड म्हणून जमा होतात. खर्च झालेले नसले, तरी.