योसेफाचं वाहन

ख्रिस्ती विश्वास पुरुषांनी सुरू करायचा आणि बायकांनी तडीस न्यायचा, अशी आमच्या घराण्यातली रीत आहे. दिवाळीच्या साफसफाईचंही आमच्याकडे असंच होतं, पण विश्वासाच्या बाबतीत निदान थोरामोठ्यांचा दाखला देता येतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई रडल्या, चिडल्या, मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या, आणि पाचेक वर्षांनी स्वतःच्या अकलेने त्याच जागी पोचल्या. पुढे टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं. दहा अध्याय झाले आणि १९१९ साली ते गेले. पुढचे ६४ अध्याय बाईंनी लिहिले. नवऱ्याने हौसेने पसारा मांडायचा आणि आवरायला आपण, ही गोष्ट कुठल्याही मराठी बाईला समजावून सांगावी लागत नाही.

माझे आजोबा नगर जिल्ह्यातले मास्तर. रात्रीची प्रार्थना ते सुरू करत. सुरू करण्यात त्यांचा हातखंडा होता. आधी उपकारस्तुती, मग राज्यकर्त्यांना सुबुद्धी, मग मंडळीतले आजारी, तेही नावानिशी आणि दुखण्यानिशी. गावात कोणाला मूळव्याध आहे, हे आम्हां पोरांना प्रार्थनेतूनच कळायचं. मग पाऊस, मग मिशनरी, मग चीन. आजीचा एक डोळा मिटलेला आणि दुसरा चुलीवरच्या भातावर असे. चीनच्या आसपास करपल्याचा वास आला की ती ठणकावून ‘आमेन!’ म्हणे. आम्हीही मागोमाग ओरडायचो, आणि आजोबांचं वाक्य चीनमध्येच राहायचं. आत्म्याने तिला प्रेरणा दिली, असं ते शेवटपर्यंत मानत. आजीनेही कधी भाताचं नाव काढलं नाही.

पाठांतराचं मात्र वडिलोपार्जित चालत आलंय. शब्बाथशाळेत दर आठवड्याला एक वचन पाठ करून न्यायचं. आजोबांच्या काळापासून आमच्यातला प्रत्येक मुलगा वर्षाची सुरुवात योहान ११:३५ ने करतो. मराठीत ते दोन शब्दांत आटपतं. माझ्या वडिलांनी ते म्हटलं, मी म्हटलं, माझ्या चुलतभावांनी तर एकाच रविवारी ओळीने म्हटलं. बाईंनी ‘आता दुसरं’ म्हटलं की आमच्या विश्वासाची खरी परीक्षा सुरू व्हायची. माझी मुलगी १ करिंथ १३, म्हणजे प्रीतीचा अख्खा अध्याय, घडाघड म्हणते. हे आमच्याकडून आलेलं नाही.

वडील रेल्वेत होते. पनवेल-रोहा मार्गावर नोकरीची शेवटची वर्षं काढली आणि कासूला घर बांधलं. पेण मागं, नागोठणं पुढं, मधे आम्ही. इथं रविवारची उपासना ओटीवर, ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक मांडीवर, आणि पेटी आईच्या ताब्यात, कारण वडील सुरू करतात त्या पट्टीत पेटीला स्वर नाहीत. आजोबांच्या चीनच्या जागी वडिलांनी मुंबई-गोवा महामार्ग घातला. २०११ साली काम निघालं. पळस्पे ते कासू ४२ किलोमीटर, कासू ते इंदापूर आणखी ४२, म्हणजे खड्ड्यांच्या बरोबर मध्यावर आमचं घर. तेव्हापासून दर रविवारी वडील त्या रस्त्यासाठी विनवणी करतात. मुलगी लहान असताना तिला तो जुन्या करारातलाच एक मार्ग वाटायचा. इस्राएल लोकांना कनान गाठायला ४० वर्षं लागली, असा हिशेब वडिलांनी केलाय. मोशेला तर नुसतं डोंगरावरून दर्शन झालं. “आपल्याला तेही पुष्कळ,” असं म्हणून ते चहा मागतात.

बायको कोर्लईची. रोह्यावरून वाहत जाणारी कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिच्या पलीकडच्या काठाला हे गाव. पोर्तुगीज शिपायांनी इथं संसार मांडले, आणि १७४० साली पोर्तुगीज सत्तेने गाशा गुंडाळला. इथंही शेवटी तेच! पुरुषांनी किल्ला बांधला, तो गेला. बायांनी चुलीपाशी पोरांना बोलायला आणि प्रार्थना करायला शिकवलं, ते पोर्तुगीज वळणाचं बोलणं आणि तो कॅथलिक विश्वास अजून टिकून आहेत. लग्न ठरलं तेव्हा आमच्या प्रॉटेस्टंट आईने दोन दिवस तोंडात मिठाची गुळणी धरली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “पोप चालेल, पण माझ्या पेटीवर मेणबत्ती नको.” हल्ली मेणबत्ती पेटीवरच असते. बशी आईने दिली.

नाताळच्या गोठ्याचा आग्रह अर्थात कोर्लईचा. मुंबईहून आणलेला प्लॅस्टिकचा योसेफ मांजराने पळवला, तेव्हा मुलगी म्हणाली, “पेण एवढं जवळ असताना मुंबई कशाला?” गोष्ट खरी होती. जगभर गणपती पाठवणाऱ्या गावात एक सुतार मिळू नये? शाडूच्या ढिगापाशी बसलेल्या मूर्तिकारकाकांनी वही उघडली.

“बसलेला की उभा?”

“उभा,” मुलगी म्हणाली.

“वाहन?”

मी योसेफ म्हणजे देव नव्हे, याचं विवेचन सुरू केलं. काकांची पेन्सिल तशीच थांबून राहिली.

“गाढव,” मुलीने मधेच सांगून टाकलं.

काकांनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता लिहून घेतलं. शीतलादेवीचंही तेच वाहन असतं, म्हणाले. साचा नाही, पण होईल.

मूर्ती फार देखणी झाली. गाढव तर इतकं तरतरीत, की अजून दोन फूट मोठं केलं असतं तर महामार्गावर उपयोगी पडलं असतं. योसेफाच्या खांद्यावर मात्र जरीकाठी उपरणं, पिळदार मिशी, आणि डोळ्यांची आखणी अशी की नजर थेट दिल्लीवर. आईने चष्मा पुसून पाहिलं. “हा सुतारकाम करेलसं वाटत नाही,” म्हणाली, आणि उपरण्याची जर काढून टाकायला सांगितली. काकांनी तिथल्या तिथे कुंचला फिरवला.

“आगमन कधी?”

“२४ डिसेंबरला. रात्री.”

“आणि विसर्जन?”

“आमच्यात नसतं,” मुलगी म्हणाली. “पुसून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवतात. मग माझी मुलं काढतील.”

काकांनी हातातला कुंचला खाली ठेवला.

“अगं बाय, असं सगळे करायला लागले तर आमच्या पोरांनी काय करायचं?”