पेटंट भिंतीवर, मुदत डोक्यावर

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखानदाराने कांद्याची प्रतवारी करणारं यंत्र काढलं. पुढे जिनिव्हाहून एक कागद आला, तो काचेची चौकट करून केबिनमध्ये लागला. नोव्हेंबर 2025 संपत आला तेव्हा पेटंट एजंट सहज चहाला आले आणि भिंतीकडे बघतच राहिले.

"शेठ, हे काय?"

"आंतरराष्ट्रीय पेटंट! दीडशेच्या वर देशांत."

"असं पेटंट जगात कुठेच मिळत नाही. तुम्ही केला तो पीसीटी, म्हणजे पेटंट सहकार्य कराराखालचा अर्ज, आणि हे त्याच्या प्रकाशनाचं पहिलं पान. अठरा महिने झाले की अर्ज छापतात. तुमचं यंत्र कसं चालतं, ते आता कोणीही फुकट वाचू शकतो."

शेठनी कप खाली ठेवला. "मग ते देश?"

"अर्ज केला की ते आपोआप धरले जातात. पेटंट ज्याचा तो देश देणार. तिथे वेगळी फी, वेगळा वकील. त्यालाच नॅशनल फेज म्हणतात."

"आणि तैवान? नक्कल तिथूनच व्हायची भीती आहे."

"तैवान या करारातच नाही."

शेठ तरीही खचले नाहीत. ड्रॉवरमधून शोध अहवाल निघाला. "हे बघा, चार ठिकाणी एक्स दिलाय. एक्स्ट्राऑर्डिनरी!"

एजंट लोक अशी बातमी बहुधा चहा संपल्यावर देतात. याने घोट घेता घेताच दिली. "एक्स म्हणजे तो एकटा जुना कागदसुद्धा तुमचा दावा आडवा करायला पुरे. ए असता तर पेढे वाटले असते. ए म्हणजे नुसती पार्श्वभूमी. पण घाबरू नका, हे मत कुठल्याच देशावर बंधनकारक नसतं. दावे दुरुस्त करून लढता येतं."

"लढू की! नॅशनल फेजला तीस महिने आहेत. अर्ज जून 2024 चा, म्हणजे डिसेंबर 2026. अख्खं वर्ष पडलंय."

"मोजायचं पहिल्या अर्जापासून. भारतातला तुमचा मूळ अर्ज 12 जून 2023 चा. अमेरिका आणि जपानची शेवटची तारीख 12 डिसेंबर 2025."

शेठनी कॅलेंडरचं पान उलटलं, पुन्हा उलटलं. "म्हणजे पंधरा दिवस!"

"जपानला आत्ता अर्ज टाकला तर जपानी भाषांतराला वर दोन महिने मिळतात. अमेरिकेला इंग्रजीच लागतं, ते तयार आहे."

"आणि भारत?"

"इथला मूळ अर्ज चालू आहेच. बाहेरून येणाऱ्यांना आपण 31 महिने देतो. कागद इंग्रजीत किंवा हिंदीत."

"मराठीत नाही?"

"नाही."

जिनिव्हाने केलं नसेल एवढं दुःख शेठना या एका शब्दाने झालं. ते सावरून म्हणाले, "बरं, अमेरिका या आठवड्यात उरकू. हॉलंडवाले कांद्यात मोठे, म्हणून युरोप हवाच. त्याला किती?"

"31 महिने. एकच अर्ज, इंग्रजीतला चालतो."

"मग सोपं आहे. युरोप संक्रांतीला करू."

"शेठ, संक्रांत चौदाला, मुदत बारा जानेवारीला!"