नाक, नेती आणि नमस्कार

आमच्या घराण्यात नाक हा मानाचा अवयव. आजोबांचं नाक सरळ, वडिलांचं त्याहून सरळ, आणि माझं बारा महिने चोंदलेलं. पुण्यात राहून धड नाक मुरडता येऊ नये, याइतकी नामुष्की दुसरी नाही.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "धुळीपासून लांब राहा. रात्री आठच्या आत जेवा, वेळेवर झोपा, रोज चाला." मी फी दिली, पण मन खट्टू झालं. चाला आणि झोपा हे सांगायला आमची ही आहे की घरी, आणि तीही फुकट! तेव्हा आता ॲलोपथी पुरे, थेट निसर्गाच्याच पायाशी जायचं ठरवलं.

निसर्गाच्या बाबतीत पुणेकराला निमित्त काढायला जागा नाही. उरुळी कांचनला गांधीजींनी १९४६ मध्ये निसर्गोपचार आश्रम काढला. ताडीवाला रस्त्यावर दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र होतं, तिथे गांधीजी स्वतः राहिले होते. आज तिथे सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. लोणावळ्याला कैवल्यधाम. तिथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रियांचा शास्त्रीय अभ्यास आरंभला, नौली करताना पोटात काय होतं ते एक्स-रे काढून पाहिलं. असा निसर्ग चहूबाजूंनी दबा धरून बसलेला असताना मी यांपैकी कुठेही गेलो नाही. निसर्गोपचारात आधी ताटावर गदा येते, अशी खात्रीलायक कुणकुण होती.

त्यापेक्षा पुस्तक बरं. आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी १९४२ साली आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. माती, पाणी, आकाश, ऊन, हवा, एवढ्यावर माणसाचं भागतं असं त्यात आहे. आकाश म्हणजे पोकळी. ती पोटातही राखावी, दिसेल ते आत कोंबू नये, असा मुद्दा. हे प्रकरण मी जेवता जेवता वाचलं, आणि भातावर वरण वाढून घेत पुढच्या प्रकरणाकडे वळलो.

"अहो, त्यात सोडायचं काय काय सांगितलंय, ते आधी वाचा," ही म्हणाली.

"सोडायचं नंतर. आधी धरायचं काय ते बघू."

पहिल्यांदा तांब्या धरला. कसब्यातल्या तांबट आळीत जाऊन ठोक्याचा, लखलखीत, तांब्याचा तांब्या आणला. रात्रभर त्यात पाणी ठेवून सकाळी प्यायचं, इथवर ठीक होतं. पण नुसत्या पाण्यात कसली आलीय साधना? मी त्यात लिंबू पिळलं, मध घातला आणि रात्रभर तसंच ठेवलं. आंबट पदार्थाने तांबं सुटतं, म्हणून तर पूर्वी दारावर कल्हईवाला यायचा. हे आमच्या आईला ठाऊक होतं, हिला ठाऊक होतं, कामाला येणाऱ्या मावशींनाही ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला विचारलं नव्हतं. सकाळी तो तीर्थासारखा प्राशन केला आणि अर्ध्या तासात बेसिनपाशी उभं राहून सगळा निसर्गाला परत केला. तोंडाला पाच रुपयांचं नाणं चोखल्यासारखी चव मात्र दुपारपर्यंत रेंगाळली. शरीरातली विषं बाहेर पडली, असं मी जाहीर केलं. "कालपर्यंत नव्हती ती," ही म्हणाली.

मग माती. पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवली की शांत वाटतं, आणि ते खरंही असावं. माती स्वच्छ हवी, चाळलेली हवी, खत न घातलेली हवी. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला अशी माती कुठली मिळणार? गॅलरीतल्या मोगऱ्याची कुंडी उपसली. त्या मातीत शेणखत होतं, निंबोळी पेंड होती, शिवाय एक गांडूळ होतं. ते पोटावर हललं तेव्हा मला वाटलं, आतडी कामाला लागली! डोळे मिटून मी त्या अनुभूतीशी एकरूप झालो होतो. नंतर डोळे उघडले, आणि त्यानंतरचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू गेला. मोगरा त्या वर्षी फुलला नाही. वासाचं म्हणाल, तर माझं नाक बंद असल्यामुळे मला काहीच त्रास झाला नाही. घरातल्यांना झाला.

मूळ दुखणं नाकाचं, हे या धामधुमीत मागेच पडलं होतं. हठयोगात सहा शुद्धिक्रिया सांगितल्या आहेत, नेती त्यांतली एक. तोटीच्या लोट्याने कोमट मिठाचं पाणी एका नाकपुडीत सोडायचं, ते दुसरीतून बाहेर येतं. पाणी उकळून निववलेलं हवं, नळाचं थेट नको. मिठाचं प्रमाणही ठरलेलं, अर्ध्या लिटरला साधारण एक सपाट चमचा, म्हणजे पाण्याचा खारटपणा शरीरातल्या खारटपणाशी जुळतो आणि आत झोंबत नाही. पाणी मी उकळलं. मीठ मात्र रक्तदाबाच्या भीतीने चिमूटभरच टाकलं, जणू ते पोटातच जाणार होतं! डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण पाणी दुसऱ्या बाजूने आलं खरं, आणि त्यामागोमाग कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा शेजारच्या कांदेपोह्यांचा वास आला. त्या क्षणी मी नेतीला वाहून घेतलं. त्या पोह्यांचं आमंत्रण आलं नाही, हा भाग वेगळा.

हळूहळू मिठाचं प्रमाण जमलं. एक गोष्ट मात्र मी कंटाळ्याने टाळत असे. नेतीनंतर कमरेत वाकायचं, मान दोन्ही बाजूंना वळवायची, कपालभातीसारखा श्वास फेकून नाक कोरडं करायचं. गालाच्या हाडांत पोकळ्या असतात आणि त्यांची तोंडं वरच्या अंगाला. तिथे शिरलेलं पाणी उभ्या माणसाच्या नाकातून गळत नाही. दडून बसतं आणि माणूस वाकला की अवतरतं. गांधीजी सांगत होते ती पोकळी राखायची सोडून मी ती भरून घेऊन हिंडत होतो.

हिच्या मोठ्या काकांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. एक्याऐंशीव्या वर्षात माणसाच्या हजार पौर्णिमा भरतात, त्याचा हा सोहळा. काका कद नेसून पाटावर बसलेले, भोवती एक्याऐंशी दिव्यांचं औक्षण, गुरुजी, सनई, फोटोग्राफर. आम्हाला निघायलाच उशीर झाला होता. मी लोटा नाकाला लावून, तोंड पुसून, तसाच रिक्षात बसलो होतो. नाव पुकारलं गेलं, "जावईबापू, या." मी पुढे झालो, लवलो, कपाळ काकांच्या अंगठ्यापर्यंत नेलं.

आणि धार लागली.

थेंब नव्हे. कोमट, अखंड धार, थेट त्यांच्या पावलांवर. नाक मिटावं तर तोंडातून येईल, सरळ व्हावं तर सदऱ्यावर येईल, म्हणून मी तसाच वाकून राहिलो. भोवती शांतता पसरली. काकांची नजर अधू. पायाला ऊन ऊन ओल लागली तशी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अरे, अरे... जावयाला भरून आलं."

झालं. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. दोन्ही आत्यांनी हुंदका दिला. सनईवाल्याने आपणहून भैरवी धरली. फोटोग्राफर मात्र म्हणाला, "साहेब, परत एकदा वाका, फ्लॅश उडाला नाही." परत वाकलो. दुसरी पोकळी रिकामी झाली. आता काकाच रडू लागले आणि म्हणाले, "मुलं अमेरिकेतून आली, हात जोडून बाजूला झाली. पाय धुतले ते परक्या घरच्याने." त्यांनी गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला. झेंडूचा वास मला स्पष्ट आला.

घरी येईपर्यंत ही एक शब्द बोलली नाही. आल्या आल्या तिने लोटा माळ्यावर टाकला, तांब्यात मनीप्लांट लावला आणि रात्रीचं जेवण साडेसातला वाढलं. मीही मुकाट जेवलो, दहाला झोपलो, सकाळी टेकडीवर जाऊ लागलो. नाक बऱ्यापैकी मोकळं राहतं. डॉक्टरांना हे कळवलेलं नाही. त्यांनी अगोदरच सांगितलं होतं, असं ते म्हणतील.

पण सासरी माझी कीर्ती पसरायची ती पसरलीच. परवा धाकट्या काकांची पंचाहत्तरी होती. आदल्या रात्री धाकट्या काकूंचा फोन आला. "थोरल्यांच्या पायाशी जावईबापू ढसाढसा रडले म्हणे. आता बघू आमच्या वाट्याला काय येतंय ते."

पहाटे पाचला हिने मला हलवून उठवलं. माळ्यावरचा लोटा खाली आला होता, घासून ठेवला होता, पाणी उकळून निववून त्यात मीठ मोजून घातलं होतं.

"दोन्ही बाजूंनी नीट भरून घ्या," ही म्हणाली, "आणि कपालभाती अजिबात करायची नाही."