भाड्याचा पत्ता

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत जागा मिळवायची तर माणसाला आधी म्हातारं व्हावं लागतं, असं आमच्या अण्णांचं मत आहे. अर्ज, प्रकल्प अहवाल, वाटपपत्र, नकाशाची मंजुरी, आणि मग कुठे ९५ वर्षांचा भाडेपट्टा. इंटरनेटवर जागा घ्यायला मात्र एक ओटीपी पुरतो. अण्णांना खटकलं ते हेच. ‘‘इतक्या लवकर मिळाली म्हणजे जागेत काहीतरी खोट असणार की!’’

अण्णांचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. जकार्डवर ते टॉवेलात नावं विणून देतात, पण ती हॉटेलांची. देशभरातल्या पाहुण्यांनी अण्णांच्या टॉवेलला तोंड पुसलं असेल, अण्णांचं नाव मात्र कुणाला ठाऊक नाही. आता सून म्हणाली, खरेदीदार पहिल्यांदा वेबसाइट विचारतात. मला कंप्युटर येतो अशी अफवा असल्यामुळे होस्टिंग घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

होस्टिंग म्हणजे काय, हा अण्णांचा पहिला प्रश्न. मी गोष्ट सांगितली. जगातली पहिली वेबसाइट १९९१ साली सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या कंप्युटरवर चालायची. तो बंद झाला की सगळ्या जगाची वेबसाइट बंद. म्हणून त्यांनी त्यावर लाल शाईत चिठ्ठी चिकटवली होती, हे मशीन बंद करू नका. आपणही तेच विकत घेतोय, कधीच बंद न होणाऱ्या मशीनचा एक कोपरा. लाइट गेली की सगळे माग एका दमात मुके होतात, हे आयुष्यभर ऐकलेल्या माणसाला पुढचं समजावावं लागलं नाही. ‘‘लाइटबिल त्यांचंच ना?’’ एवढीच त्यांनी खात्री करून घेतली.

पडद्यावर तीन प्लॅन होते. मधल्यावर ‘सर्वाधिक लोकप्रिय’ अशी पट्टी. सगळ्यात स्वस्त प्लॅनमध्ये एका मशीनवर शेकडो वेबसाइटी दाटीवाटीनं राहतात आणि शेजाऱ्याकडे गर्दी उसळली की आपली वेबसाइट रेंगाळते. ‘‘एका ट्रान्सफॉर्मरवर सगळी गल्ली,’’ अण्णा म्हणाले. महागड्या प्लॅनमध्ये सगळं ‘अनलिमिटेड’. नळाचं पाणी दिवसाआडही येत नाही अशा शहरात या आश्वासनाला कोण भुलणार? अण्णांनी बारीक अक्षरातल्या अटी वाचायला लावल्या. अनलिमिटेडची लिमिट तिथं सापडली.

खरी करमणूक दराची झाली. मोठ्या अक्षरात महिन्याचा दर, पण तो मिळवायचा तर चार वर्षांचे पैसे आज भरायचे. वर १८ टक्के जीएसटी. चार वर्षांनंतरचा दर कितीतरी चढा, आणि तो मुंगीच्या अक्षरात. शेजारी घड्याळ उलटं पळतंय, ऑफर संपत आली म्हणून. पान पुन्हा उघडलं की घड्याळ ताजंतवानं. अण्णा चिडले नाहीत. माल आज द्यायचा आणि पैशासाठी तीन महिने फोन करत बसायचं, यात हयात गेलेला माणूस तो. माल दाखवायच्या आधीच चार वर्षांचे पैसे घेणाऱ्यांकडे ते आदरानं बघत राहिले. ‘‘हा धंदा आपल्याला का सुचला नाही रे?’’

मग नाव. मनातलं नाव आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेलं. इंग्रजीत सोलापूरला एक ‘यू’ लावायचा की दोन ‘ओ’, यावर घरात दोन तट पडले. देवनागरीत ‘.भारत’ असाही पत्ता मिळतो, तो अण्णांना फार आवडला, पण परगावच्या हॉटेलवाल्याच्या बोटांना मराठी टंकता येईल का, या शंकेनं सून अडली. शेवटी एक नाव मोकळं सापडलं. त्याची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची. मुदत संपली, पैसे भरायचे राहिले, की सवलतीच्या दिवसांनंतर ते कुणालाही घेता येतं.

‘‘म्हणजे आपलं नाव आपलं नाहीच?’’ अण्णांचा आवाज चढला. मी म्हटलं, सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, त्याची नोंदणीसुद्धा दर १० वर्षांनी नव्यानं करावी लागते. आणि एवढं असूनही सोलापूर न पाहिलेल्या चादरी बाजारात ‘सोलापुरी’ म्हणून मिरवतातच. नाव नुसतं असून भागत नाही, ते सांभाळावं लागतं. अण्णा गप्प झाले. हिशेब चालू असला की ते असेच गप्प होतात.

कंपनीचा आग्रह होता की जागा चार वर्षांची घ्या, नाव एका वर्षाचं पुरे, पहिल्या वर्षी ते फुकट. अण्णांनी नेमकं उलटं सांगितलं. ‘‘जागा एक वर्षाची घे. नाही पटली तर सामान उचलू आणि दुसरीकडं जाऊ. नावाचे मात्र दहा वर्षांचे पैसे भरून टाक.’’ होस्टिंगवरचे इतके सल्ले मी वाचले, इतका नेटका एकही नव्हता.

पैसे भरून झाले. ‘आमच्याविषयी’ या पानावर काय लिहू, असं मी विचारलं.

‘‘ते लिहू की सावकाश,’’ अण्णा म्हणाले. ‘‘दहा वर्षं आहेत.’’