सुटलेल्या माशाचं वजन

(रविवारची सकाळ. सोसायटीतला बाक. गळवाल्याच्या काखेत लांबट नळकांडं. खवय्याच्या हातात बाजाराची पिशवी, तिच्यातून सुरमईची शेपटी बाहेर.)

खवय्या : आलात का हिमाचलहून! काही लागलं की नाही गळाला?

गळवाला : लागलं म्हणजे? तीर्थन नदीतला ब्राउन ट्राउट. चांगला दीड किलोचा.

खवय्या : वा! मग कधी येऊ जेवायला?

गळवाला : सोडून दिला.

खवय्या : (पिशवी खाली ठेवत) कुणी?

गळवाला : मीच. आमच्या गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे जखम मोठी होत नाही. हात आधी ओले करायचे, नाहीतर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. मग प्रवाहाकडे तोंड करून हलकेच धरायचं. दम खाऊन झाला की तो आपला आपण जातो.

खवय्या : जावयालाही कुणी इतकं जपून निरोप देत नाही हो! पण सोडायचाच होता, तर इथून तिथवर गेलात कशाला?

गळवाला : खरी मजा फेकण्यात असते. ही डबी बघा. ही सगळी माशीची सोंगं. हे कोंबड्याच्या मानेचं पीस, हा मोरपिसाचा तंतू, हे सशाचे केस.

खवय्या : कोंबडा, मोर, ससा! एवढी सगळी मंडळी आकड्याला बांधलीत आणि ताटात काहीच नाही?

गळवाला : ऐका तर. एरवी गळाला शिसं लावून भिरकावतात, दोरी त्याच्यामागून जाते. इथे माशीला वजनच नसतं, वजन दोरीला. ती आधी मागे पूर्ण उलगडू द्यायची आणि मगच पुढे झटका. घाई केलीत की माशी मागच्या झुडपात.

खवय्या : तुमची किती वेळा गेली?

गळवाला : तिकडे झुडपं फार आहेत हो. बरं, ज्या माशीचं हे सोंग, ती मेफ्लाय पंख फुटल्यावर जेमतेम एखाद-दुसरा दिवस जगते. तिला खाता येईल असं तोंडच नसतं.

खवय्या : अरेरे! काय हा जन्म!

गळवाला : आणि हा ट्राउटही मूळचा आपल्याकडचा नाही. साहेबाने 1899 मध्ये काश्मीरसाठी त्याची अंडी मागवली, ती वाटेतच मेली. 1900 मध्ये पुन्हा मागवली, ती जगली. म्हणून तर पावणेदोन किलोचा मासा जेव्हा हिसका देतो...

खवय्या : मघाशी दीडचा होता.

गळवाला : आठवेल तसं सांगतोय. आयझॅक वॉल्टनचा गळावरचा ग्रंथ 1653 चा, अजून छापतात. पण माशीवरचा सविस्तर भाग त्याच्या पाचव्या आवृत्तीत आला, 1676 मध्ये. तोही चार्ल्स कॉटन या मित्राने लिहिलेला.

खवय्या : तेवीस वर्षं? तेवढ्यात त्यांचे मासे कुठल्या कुठे गेले असतील! फोटो बिटो आहे का काही?

गळवाला : (मोबाइल पुढे करत) हा बघा.

खवय्या : (चष्मा कपाळावर चढवून) मासा मोठा दिसतोय खरा. पण तुमचा अंगठाही वेलची केळ्याएवढा दिसतोय. हात ताणून मासा कॅमेऱ्यात घातलात ना?

गळवाला : सगळेच घालतात. माझं सोडा. ही सुरमई काय भावाने आणलीत?

खवय्या : बाराशे सांगत होती. मी म्हटलं, बाई, रोजचं गिऱ्हाईक मी! आठशेला आणली.

गळवाला : गेटवर वॉचमनला तर नऊशे सांगत होतात.

खवय्या : (इकडेतिकडे बघून) हळू बोला. घरी सातशे सांगायचंय.

गळवाला : म्हणजे माझा मासा वाढतो आणि तुमचा भाव उतरतो, एवढंच.

खवय्या : मग भांडता कशाला? दुपारी जेवायलाच या. मी सातशे म्हटलं की तुम्ही म्हणायचं, ‘स्वस्त पडली.’

गळवाला : आणि ट्राउटचं काय?

खवय्या : कालवण वाढेपर्यंत दोन किलो. सोलकढीला अडीच चालेल. तीनच्या वर गेलात, तर पानातली तुकडी उचलून घेईन!